कोशांतील ‘तीव्रता’ : एका शास्त्रीय संज्ञेचा तुलनात्मक पाठ

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचा धक्का परभणी, नांदेड व आसपासच्या भागांत जाणवला. ‘४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप’ अशा शब्दांत त्याची बातमी सर्वत्र छापून आली. शिरूर अनंतपाळ तालुक्यातील एका शाळेत ह्या बातमीचे वाचन चालू असता इयत्ता सहावीतील एका विद्यार्थ्याने वहीच्या मागील पानावर एक हिशेब मांडला. किल्लारीचा भूकंप ६.२ चा, त्यात ५२ गावे पडली. हा भूकंप ४.५ चा, तर किती गावे पडावीत? उत्तर आले सुमारे ३८. मग त्याने उभे राहून विचारले, “गुरुजी, अडतीस गावे पडायला पाहिजे होती. एकही कसे पडले नाही?”

त्रैराशिक बिनचूक होते. चूक होती ती त्याच्या हाती दिलेल्या ‘तीव्रता’ ह्या शब्दात, आणि ती त्या मुलाने केलेली नव्हती. बातमी लिहिणारा, ती वाचून दाखविणारा शिक्षक आणि घरी तिची चर्चा करणारे वडीलधारे असे आपण सर्वच तो शब्द सैलपणे वापरत आलो आहोत. वर्गातील हा प्रश्न निमित्त करून एका शास्त्रीय संज्ञेचा अर्थ निरनिराळे कोश कसा देतात, त्यांत अंतर का पडते आणि वरच्या प्राथमिक वर्गांत त्याचा पाठ कसा घ्यावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वी शाळेच्या कपाटात एखादा कोश असला तरी ते त्या शाळेचे भाग्य समजले जाई. आता शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर दहा-वीस कोश क्षणात उघडतात. सोय मोठी झाली, हे निर्विवाद होय. तथापि कपाटातील कोश हातात घेताना त्याचे नाव, संपादक व साल ही आपोआप नजरेस पडत. पडद्यावर ओळ तेवढी दिसते आणि ती कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिली हे दिसत नाही. सर्व ओळी सारख्याच अधिकाराच्या भासतात. प्रस्तुत प्रकरणी घोटाळ्याचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे.

आरंभ जुन्या मराठी कोशांपासून करू. मोल्सवर्थ ह्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांच्या कोशांचा जो संग्रह जालावर ठेवला आहे, त्यात तो कोणासही विनामूल्य पाहता येतो. तेथे ‘भूकंप’ आहे, ‘धरणीकंप’ही आहे, परंतु भूकंप मोजण्याची भाषा नाही. ‘तीव्र’ ह्या शब्दाखाली उष्ण, तिखट, प्रखर अशा अर्थांचा परिवार दिसतो. हा परिवार लक्षात ठेवण्याजोगा आहे. मराठीत तहान तीव्र असते, वेदना तीव्र असते, ऊन तीव्र असते. म्हणजे ज्याला काही सोसावे लागते, त्याच्या बाजूने उच्चारला जाणारा हा शब्द आहे. चुलीत किती लाकडे घातली हे ‘तीव्र’ सांगत नाही. जवळ बसणाऱ्यास धग किती लागली, हे सांगतो. आमच्या मते ह्या एका जुन्या नोंदीत पुढील सर्व विवेचनाची किल्ली आहे.

त्याच संग्रहात दाते-कर्वे प्रभृतींनी संपादिलेला महाराष्ट्र शब्दकोशही आहे. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ ह्या काळात प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, ह्याच काळात, १९३५ साली, अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात चार्ल्स रिश्टर ह्या शास्त्रज्ञाने भूकंपाचे आकारमान अंकात सांगण्याची आपली रीत मांडली. पुण्यात कोशाचे विभाग छापून होत असता दूरदेशी निघालेली ही नवी संज्ञा त्यात सापडावी, अशी अपेक्षा करणेच गैर. जुन्या कोशात नवा शास्त्रीय अर्थ मिळाला नाही, तर तो कोशाचा दोष नव्हे. विद्यार्थ्यास कोश दाखविताना प्रथम त्याचे साल विचारावयास शिकवावे ते ह्याकरिता.

आता इंग्रजी कोशांकडे वळू. कारण भूकंपाच्या बातम्यांतील ‘तीव्रता’ बहुधा इंग्रजी मजकुरातून येते. इंग्रजीत ह्या विषयात दोन स्वतंत्र संज्ञा आहेत, ‘मॅग्निट्यूड’ आणि ‘इंटेन्सिटी’. यंत्राने केलेल्या भाषांतरात दोहोंच्या जागी पुष्कळदा एकच ‘तीव्रता’ येऊन बसते.

मेरियम-वेबस्टर हा अमेरिकेतील प्रतिष्ठित कोश. त्यात ‘मॅग्निट्यूड’ शब्दाचे अनेक अर्थ क्रमाने दिले आहेत : मोठेपणा, महत्त्व, ताऱ्याच्या तेजस्वितेचा अंक, राशीचे संख्यात्मक माप इत्यादी. भूकंपाचा अर्थ त्यानंतर येतो. घाईने पहिलाच अर्थ उचलणारा वाचक ‘भूकंपाचे महत्त्व’ असे काहीतरी लिहून बसेल. ताऱ्यांच्या बाबतीत तर उलटाच प्रकार आहे. आपण ज्यास ‘पहिल्या प्रतीचा तारा’ म्हणतो, तो दुसऱ्या प्रतीच्या ताऱ्याहून अधिक तेजस्वी असतो. तेथे अंक वाढला की तेज घटते. शब्द एक, शास्त्रे दोन आणि अंकांची दिशाही परस्परविरुद्ध. परंतु खरी मौज पुढे आहे. भूकंपाचा अर्थ सांगताना हा कोश ‘मॅग्निट्यूड’ म्हणजे भूकंपाची ‘इंटेन्सिटी’ दर्शविणारा अंक, अशा आशयाची व्याख्या देतो. जे दोन शब्द शास्त्राने वेगळे ठेवले, त्यांपैकी एकाचा अर्थ दुसऱ्याने सांगितला! आमच्या मराठी वृत्तपत्रांस एकट्यांसच दोष देण्याचे कारण नाही.

त्याच कोशातील ‘रिश्टर स्केल’ ही नोंद पाहावी. तेथे ही मापनी भूकंपात खर्ची पडलेल्या ऊर्जेशी जोडली आहे, हे योग्यच आहे; पण पुढे नमुन्यादाखल दीड म्हणजे जेमतेम जाणवणारा, साडेचार म्हणजे किरकोळ हानी करणारा आणि साडेआठ म्हणजे अतिविध्वंसक, अशी अंकांची परिणामांशी जोडी लावून दिली आहे. सामान्य वाचकास ती सोयीची वाटते. तिच्यात भूकंप किती खोल झाला, घरे कशी होती, जमीन कशी होती, ह्या गोष्टींस मात्र जागा उरत नाही. केंब्रिजच्या शब्दकोशात ह्याहूनही थोडक्यात काम उरकले आहे : भूकंपाची शक्ती मोजण्याची पद्धती, एवढेच. ते चुकीचे नाही. परंतु शक्ती कोठे मोजावयाची, उगमापाशी की आपल्या दारापाशी, हे त्यातून कळत नाही.

ह्यानंतर अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची भूकंपविषयक संज्ञासूची पाहावी. हा सामान्य शब्दकोश नव्हे. जे लोक प्रत्यक्ष भूकंप मोजतात, त्यांनी आपल्या कामाच्या शब्दांचे दिलेले अर्थ येथे आहेत. येथे चित्र एकदम स्वच्छ होते. मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाचे सापेक्ष आकारमान सांगणारा अंक. तो भूकंपलेखक यंत्रावरील नोंदीवरून काढतात आणि एका भूकंपास तो एकच असतो. इंटेन्सिटी म्हणजे विशिष्ट ठिकाणी जमिनीवर, माणसांवर व बांधकामांवर झालेल्या परिणामांचा दर्जा. तो रोमन आकड्यांत लिहितात आणि एकाच भूकंपास ठिकाणागणिक तो निरनिराळा असतो.

मराठीत पहिल्यास ‘परिमाण’ व दुसऱ्यास ‘तीव्रता’ म्हणावे, असे आम्ही सुचवितो. ‘परिमाण’ हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकातून सदिश राशींच्या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांस पुढे भेटतोच, आणि हिंदी शास्त्रीय परिभाषेतही तो ह्या अर्थी रूढ आहे. काही मराठी लेखक ‘महत्ता’ असेही लिहितात. दोहोंपैकी कोणताही घ्यावा. मात्र ‘तीव्रता’ हा शब्द त्याच्या जन्मजात अर्थासाठी, म्हणजे सोसणाऱ्याच्या बाजूसाठी, राखून ठेवावा.

येथे कोशांच्या जातींविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सामान्य शब्दकोश लोक शब्द कसा वापरतात ते नोंदवितो. लोक सैल बोलत असतील तर तो सैलपणाही प्रामाणिकपणे नोंदवितो. परिभाषा कोशाचे काम निराळे. १९६० साली स्थापन झालेल्या आपल्या राज्याच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे असे कोश तयार केले आहेत व ते जालावरही पाहावयास मिळतात. त्यांत इंग्रजी संज्ञेसमोर मराठी पर्याय असतो. हा पर्याय म्हणजे व्याख्या नव्हे. तो पाहून शब्द मिळाला, आता अर्थ मिळवावयाचा आहे, असे समजावे. विश्वकोश विषय समजावून देतो, पण त्यासाठी दोन-चार पाने वाचण्याची तयारी पाहिजे. आणि शास्त्रसंस्थेची संज्ञासूची नेमकी व्याख्या देते. फक्त ती त्या शास्त्रापुरतीच खरी धरावी. ‘वजन’ किंवा ‘बल’ हे शब्द बोलीत एक आणि पदार्थविज्ञानात दुसरे सांगतात, हे शिक्षकांच्या नित्य अनुभवाचे आहे.

एका गैरसमजाचा येथेच निकाल लावावा. ‘४.५ रिश्टर स्केल’ ही रचना ‘साडेचार किलो’ ह्या धर्तीवर झाली आहे, पण रिश्टर हे एकक नव्हे. मुलांच्या दृष्टीने तर ‘स्केल’ म्हणजे दप्तरातील पट्टी. रिश्टर नावाच्या साहेबाची एक मोठी पट्टी कोठेतरी असून ती जमिनीवर ठेवून भूकंप मोजतात, अशी कल्पना आम्ही चांगल्या हुशार मुलांच्या तोंडून ऐकली आहे. वास्तविक रिश्टरची मापनी म्हणजे आकडेमोडीची एक रीत होय. विशिष्ट प्रकारचे भूकंपलेखक यंत्र भूकंपकेंद्रापासून १०० किलोमीटर अंतरावर असेल, तर त्याने काढलेल्या रेषेचा आयाम किती भरेल, ह्यावरून तो अंक काढावयाचा. आयाम दसपट झाला की अंक एकाने वाढतो. रिश्टरने ही रीत कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी बसविली होती. फार मोठ्या व दूरच्या भूकंपांस ती नीट लागू पडेना. म्हणून १९७९ मध्ये हँक्स व कानामोरी ह्या दोघा शास्त्रज्ञांनी, भूपृष्ठाखालील खडकांचा किती मोठा भाग किती सरकला आणि तो खडक किती ताठर होता, ह्यांवर आधारलेली नवी मापनी मांडली. मोठ्या भूकंपांचे अंक आता बहुधा ह्या नव्या रीतीने काढले जातात. बातमीत नाव मात्र जुनेच टिकून आहे.

रीती अनेक असल्यामुळे एकाच भूकंपाचे आकडेही वेगळाले मिळतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज येथील भूकंपाचे परिमाण भारतीय हवामान विभागाने ६.९ दिले, तर अमेरिकेच्या सर्वेक्षण संस्थेने ७.७. किल्लारीच्या भूकंपासही ६.२, ६.३ व ६.४ असे आकडे निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. ‘खरा कोणता?’ असे विद्यार्थी विचारतील. कोणत्या रीतीने काढला, हे विचारावयास त्यांस शिकवावे. एकाच धान्याचे माप पायलीने व वजन किलोने सांगितले, तर अंक जुळत नाहीत म्हणून कोणी व्यापाऱ्यास खोटे ठरवीत नाही.

आता किल्लारीकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील औसा-उमरगा भागात हा भूकंप झाला. मृतांचे आकडे सात हजार नऊशेपासून नऊ हजार सातशेपर्यंत निरनिराळे दिलेले आढळतात. जगाच्या हिशेबाने पाहता ६.२ हे परिमाण फार मोठे नव्हे. ह्याहून मोठे भूकंप दर वर्षी पृथ्वीवर कोठे ना कोठे होत असतात. ह्याच्या शेजारी दुसरा भूकंप ठेवून पाहावा. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील हिंदुकुश पर्वतात ७.५ परिमाणाचा भूकंप झाला. ऊर्जेच्या दृष्टीने तो किल्लारीच्या सुमारे नव्वदपट मोठा. मृत्यू सुमारे चारशे. त्याची भूकंपनाभी, म्हणजे जेथे खडक सरकला ते स्थान, दोनशे किलोमीटरांहून अधिक खोल होती. किल्लारीची सुमारे दहा-बारा किलोमीटर. खोलवरचा धक्का वर येईपर्यंत पसरला व विरला. उथळ धक्का थेट गावांखाली बसला. मेरियम-वेबस्टरमधील अंकांची व परिणामांची ती सोयीस्कर जोडी ह्या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

दुसरे कारण घरांचे. ह्या भागातील जुनी घरे माळवदाची. भिंती जाड, दगड व मातीच्या. आत लाकडी खांब व तुळया. आणि वर पांढऱ्या मातीचा एक-दोन फुटांचा थर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ह्याहून थंड घर नाही, आणि वाडवडिलांनी ते शहाणपणानेच बांधले होते. पण भिंतीतील दगडांस एकत्र धरून ठेवणारा चिखल सुकला व जुना झाला की त्यात बळ उरत नाही. जमीन आडवी हलली तेव्हा भिंती फुगून कोसळल्या आणि माळवदाचा भार खाली आला. कित्येक ठिकाणी लाकडी खांब तसेच उभे राहिले.

तीव्रतेच्या मापनीत ह्या सर्वांचा हिशेब कसा येतो, हे पाहणे बोधप्रद आहे. मर्काली ह्या इटालियन शास्त्रज्ञाची मापनी १९०२ ची. १९३१ मध्ये तिची सुधारणा झाली. १९६४ मध्ये मेदवेदेव, श्पोनहॉयर व कारनिक ह्या तिघांनी दुसरी मापनी तयार केली, आणि भारतात प्रामुख्याने तीच वापरली जाते. तिच्यात बारा पायऱ्या आहेत. पाचवीत झोपलेले लोक जागे होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात. सहावीत पुष्कळ लोक घाबरून बाहेर धावतात. सातवीत इमारतींस इजा होते आणि आठवीत कच्च्या इमारती पडू लागतात. किल्लारी परिसरातील कमाल तीव्रता आठ ते नऊ अशी ठरविण्यात आली. ह्या मापनीच्या कर्त्यांनी घरांचे प्रकारही वेगळे केले आहेत. माती व ओबडधोबड दगडांची घरे सर्वांत दुर्बल वर्गात, साधी विटांची त्यांच्या वर, लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची व बळकट लाकडी चौकटींची त्यांच्याही वर. कोणत्या वर्गाची किती घरे कितपत मोडली, ह्यावरून पायरी ठरते. म्हणून बारकाईने पाहता येथे दोन नव्हे, तीन गोष्टी आहेत : उगमापाशी परिमाण, आपल्या गावी तीव्रता, आणि आपल्या घराची हानी. एकाच गावात, एकाच तीव्रतेखाली एक घर उभे राहते आणि शेजारचे पडते. सामान्य कोशांपैकी एकही ह्या तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवीत नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. भारतीय मानक संस्थेच्या नकाशात १९९३ पूर्वी किल्लारीचा परिसर भूकंपदृष्ट्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्यात गेला. त्या नकाशातील हे पट्टे संभाव्य परिमाणावर नव्हे, संभाव्य तीव्रतेवर आखलेले होते. तिसरा पट्टा म्हणजे सातव्या पायरीची तीव्रता संभवते असा प्रदेश. ‘तीव्रता’ म्हणजे रिश्टरचा अंक असे समजणारा मनुष्य हा सात ६.२ च्या शेजारी ठेवील व भलताच निष्कर्ष काढील. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या शेजारच्या निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले व अल्प परिमाणाचे धक्के बसले, तेव्हा लोकांनी भयाने रात्री घराबाहेर काढल्या. त्यांचे भय अनाठायी होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी १९९३ पाहिले त्यांस ते शिकविण्याचा कोणासही अधिकार नाही. तथापि वर्तमानपत्रातील आकडा वाचून ‘हे किती?’ एवढे ज्यास समजते, त्यास निदान अफवेने झोप गमवावी लागत नाही.

पाठाची मांडणी

दोन तासिका पुरतात. साहित्य साधे : एक हलगी, ओंजळभर ज्वारी, खडू-फळा आणि जाल उपलब्ध असलेला एक भ्रमणध्वनी. तो नसल्यास शिक्षकाने आदल्या दिवशी पाच कोशांतील नोंदी कागदावर उतरवून आणाव्यात. प्रत्येक नोंदीखाली कोशाचे नाव, अर्थाचा क्रमांक व पाहिल्याचा दिनांक लिहावा. जालावरील नोंदी बदलत असतात.

प्रथम मैदानात जावे. एका विद्यार्थ्याने हलगीवर एकच टिपरू मारावे. इतरांपैकी काहींस दहा पावलांवर, काहींस शंभर पावलांवर आणि दोघांस दार लावलेल्या वर्गात उभे करावे. प्रत्येकाने काय ऐकू आले ते आपापल्या वहीत लिहावे : ‘कान दणाणला’, ‘ऐकू आले’, ‘जेमतेम’, ‘काहीच नाही’. मग वर्गात परतून विचारावे, टिपरू किती वेळा व किती जोराने बसले? उत्तर एक. किती ऐकू आले? उत्तरे चार. फळ्यावर पहिल्या उत्तराखाली ‘परिमाण’ व दुसऱ्याखाली ‘तीव्रता’ लिहावे. व्याख्या येथे सांगू नये. ती विद्यार्थ्यांनी आपल्या शब्दांत तयार करावी आणि नंतर कोशांतील नोंदींशी ताडून पाहावी. कोणत्या कोशाने एकच रकाना भरला, कोणी दोन्ही रकाने एकात मिसळले, हे मुले स्वतः सांगतात, असा अनुभव येईल.

दुसऱ्या तासिकेस ज्वारी घ्यावी. परिमाणाचा अंक एकाने वाढला की यंत्रावरील आयाम दसपट होतो. पण बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते. एका ठिकाणी एक दाणा ठेवावा, शेजारी बत्तीस. तिसऱ्या ढिगास, म्हणजे अंक दोनाने वाढल्यास, सुमारे हजार दाणे लागतील. ते मोजण्यास चार-पाच मुलांची जोडी लावावी. चौथ्या ढिगास बत्तीस हजार दाणे हवेत. ते मोजावयाचे नाहीत; हजार दाण्यांचे वजन करून अंदाज करावयाचा, आणि तो किलोच्या आसपास येतो हे पाहून वर्ग स्वतःच चकित होतो. एक, दोन, तीन, चार असे शांतपणे चढणारे अंक आणि त्यांच्याखालचे हे ढीग, दोन्ही एकदम डोळ्यांपुढे असले की फार बोलावे लागत नाही.

तीव्रता कशी ठरवितात, हे शिकविण्यास आपल्या जिल्ह्यात जे साधन आहे ते अन्यत्र नाही. शास्त्रज्ञ भूकंपानंतर गावोगाव जाऊन विचारतात : तुम्ही जागे झालात का? बाहेर धावलात का? टांगलेला दिवा हलला का? भिंतीस भेग पडली का? आज पन्नाशीच्या पुढील प्रत्येक मनुष्य त्या पहाटेचा साक्षीदार आहे. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांस हेच चार प्रश्न विचारून उत्तरे आणावीत व ती बारा पायऱ्यांच्या तक्त्याशी जुळवून पाहावीत. मात्र एक गोष्ट शिक्षकांनी कटाक्षाने पाळावी. किल्लारी-सास्तूरकडील सोयरीक पुष्कळ घरांतून आहे, आणि कोणाचे माहेर, कोणाची बहीण त्या रात्री गेली हे मुलांस ठाऊक नसते. म्हणून प्रश्न कोणत्या घरी न्यावयाचे, हे शिक्षकाने आधी स्वतः जाऊन विचारून ठरवावे. ज्या घरी नको म्हणतील, तेथील मुलास नकाशा काढण्याचे काम द्यावे व कारण वर्गात सांगू नये.

शेवटी त्या सहावीतील मुलाचा हिशेब पुन्हा फळ्यावर मांडावा. ६.२ व ४.५ ह्यांतील अंतर १.७. आयामात ते सुमारे पन्नास पट होते आणि ऊर्जेत सुमारे साडेतीनशे पट. म्हणजे किल्लारीचा भूकंप ज्वारीच्या साडेतीनशे दाण्यांएवढा धरला, तर हिंगोलीचा हा धक्का एका दाण्याएवढा. येथे एखादा चलाख विद्यार्थी ५२ ला ३५० ने भागू लागेल व शून्यापुढे काही दशांश काढून ‘एक गावसुद्धा नाही’ असे उत्तर आणील. उत्तर वस्तुस्थितीशी जुळते, म्हणून ते बरोबर धरू नये. गावे ऊर्जेच्या प्रमाणात पडत नाहीत. धक्का किती खोलातून आला, गाव किती दूर होते आणि भिंत कशाची होती, हे त्या भागाकारात कोठेच नाही. फळ्यावर ह्या तीन गोष्टींचे तीन रकाने आखावेत, त्यांखाली किल्लारी, हिंदुकुश व हिंगोली अशी तीन नावे लिहावीत, आणि ज्या रकान्यात काय भरावे हे कोणत्याही कोशात सापडले नाही, तो मुलांकडून शोधून भरून घ्यावा.